रानातल्या गोष्टीची निकड

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू केला. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी उन्हाळ्याच्या तोंडाशी जे ज्ञानसत्र चालते, त्यात धर्म, राजकारण, शेती, संतवाङ्मय असे भारदस्त विषय येतात. अशा ठिकाणी जंगलात अडकलेल्या माणसाच्या थरारक कादंबरीविषयी बोलावयाचे म्हणजे देवघरात गोट्या खेळण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास आम्ही त्याला दोष देणार नाही. एका बैठकीत फडशा पाडावयाचा, शेवटचे पान उलटताच विसरून जावयाचे, हीच या पुस्तकांची ख्याती आहे. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी तरुण वाचक असे पुस्तक मागतो तेव्हा आवाज थोडा खाली आणतो, आणि वडीलधारी मंडळी ते त्याच्या हाती पाहतात तेव्हा कपाळाला आठी घालतात. ही लाज आणि ही आठी या दोहोंचा इतिहास काय आहे, आणि त्यांत खरे किती, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

या जातीच्या गोष्टीचा सांगाडा अगदी साधा असतो. माणूस एकटा किंवा दोघाचौघांनिशी वस्तीपासून तुटतो. पाणी, विस्तव, अन्न आणि दिशा या चार गोष्टी त्याला स्वतः मिळवाव्या लागतात. मागे कोणी लागलेले असते किंवा पुढे काळ संपत आलेला असतो. वाचक श्वास रोखून वाचतो, पाने भराभर उलटतात आणि आपण म्हणतो, काय वेगवान पुस्तक आहे! हा वेग येतो कोठून? पुष्कळ लेखकांस वाटते की घटनांची गर्दी केली म्हणजे वेग येतो. आमचे मत निराळे आहे. वेग येतो तो निकडीतून. संध्याकाळपर्यंत पाणी मिळाले नाही तर जीव जाईल, एवढी एक गोष्ट वाचकाला खरी वाटली की दहा कोस चालण्याचे वर्णनदेखील धावू लागते. ती खरी वाटली नाही तर दहा वाघ सोडले तरी पुस्तक जागचे हलत नाही. मराठीतील या कथेचा दीडशेहून अधिक वर्षांचा प्रवास आम्ही याच एका कसोटीवर पाहणार आहो.

रान हा शब्द

प्रथम शब्दाकडे पाहू. बीड, पाटोदा, केज, धारूर या भागातील शेतकऱ्याला सकाळी विचारा, कोठे निघालात? तो म्हणेल, रानात. त्याच्या रानात ज्वारी असते, तूर असते, कापूस असतो. रान नांगरतात, रान भिजवतात, रान पडीक टाकतात. शहरी वाचकाला ज्या शब्दाने गर्द झाडी आणि श्वापदे आठवतात, त्याच शब्दाने आमच्या माणसाला स्वतःची जमीन आठवते. बालाघाटाच्या डोंगररांगेने व्यापलेल्या या पर्जन्यछायेच्या मुलुखात दाट जंगल फार थोडे. पण वस्ती संपली की रान सुरू होते, आणि तेथे आपले आपण पाहावयाचे असते, ही जाणीव पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

त्यामुळे रानातल्या संकटाची गोष्ट छापखान्याबरोबर आमच्याकडे आली असे कोणी समजू नये. चातुर्मासात देवळात पोथी लागे. श्रीधराचे 'पांडवप्रताप' आणि 'रामविजय' हे ग्रंथ निरक्षर शेतकऱ्यानेही कानांनी वाचलेले असत. रामाचा वनवास, पांडवांचा वनवास, वनात टाकून दिलेली दमयंती, हे सगळे प्रसंग वस्तीपासून तुटलेल्या माणसांचेच आहेत. मुक्तेश्वराने भारताची जी पर्वे मराठीत आणली त्यांत वनपर्व आहे. अध्याय संपला, पोथी बांधली गेली आणि दमयंती अजून वनातच आहे, अशा अवस्थेत घरी परतलेला श्रोता दुसऱ्या दिवशी वेळेआधी देवळात येई. पुढे काय झाले, हा प्रश्न कोणा परदेशी लेखकाने आम्हांला शिकवला नाही.

गोडसे भटजींची विहीर

मात्र पोथीतल्या वनवासात देव पाठीशी असतो. देव पाठीशी आहे की नाही याची खात्री नसलेला साधा माणूस मराठी गद्यात प्रथम कोठे भेटतो? आम्ही उत्तर देऊ: विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात.

विष्णुभट हे कुलाब्याकडील वरसईचे गरीब भिक्षुक. घरी कर्ज झालेले. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ साली आपल्या काकांबरोबर निघाले आणि सरळ बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलात इंग्रजी फौजेने झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा ते आतच होते. लूट, कत्तल, आगी, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची नासधूस, लपून काढलेले दिवस, तहान, मिळविलेले द्रव्य पुन्हा पुन्हा लुटले जाणे, हे सर्व त्यांनी सोसले. अखेर हाती काय उरले? आईबापांस स्नान घालण्यासाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत उतारवयात लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ साली संस्कार करून छापली आणि दत्तो वामन पोतदारांनी पुढे १९६६ साली मूळ लेखनाबरहुकूम प्रसिद्ध केली.

या पुस्तकातील एक प्रसंग मराठी वाचकांच्या चांगला परिचयाचा आहे. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर पहाटे एका विहिरीपाशी गोडसे भटजी पाणी काढीत आहेत. धुळीने माखलेले, पठाणी वेषातील स्वार येतात. त्यांत झाशीची राणी आहे. तिला तहान लागली आहे. भटजी पाणी काढून देऊ पाहतात. विद्वान ब्राह्मणाकडून अशी सेवा घ्यावयाची नाही म्हणून ती स्वतः पोहरा सोडते आणि मडक्यातले पाणी ओंजळीने पिते. लढाईची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत. पण राज्य गेले, मागे फौज लागली, पुढचा मुक्काम ठाऊक नाही, आणि तरीही प्रथम पाणी प्यावयाचे आहे, ही गोष्ट त्या एका विहिरीने जशी सांगितली तशी शंभर तोफांनी सांगितली नसती.

ज्या बीड शहरात सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळी खजाना विहीर बांधली गेली आणि भुयारी कालव्यांनी तिचे पाणी शेतीला नेले गेले, तेथील श्रोत्यांस विहिरीचे महत्त्व आम्ही काय सांगावे? दुष्काळी मुलुखातला वाचक हा प्रसंग वाचतो तेव्हा त्याला राणीचे शौर्य नंतर दिसते. आधी तिचा कोरडा पडलेला घसा दिसतो. आमच्या मते ही वाचनाची उणी रीत नव्हे, हीच खरी रीत आहे. गोडसे भटजींनी थरारक काही लिहावयाचे म्हणून लिहिले नाही. रात्री कोठे निजावयाचे आणि सकाळी काय खावयाचे, हे त्यांना रोज नव्याने ठरवावे लागत होते, आणि ते त्यांनी जसेच्या तसे लिहिले. म्हणून पुस्तक धावते.

घटनांची गर्दी

गोडसे भटजी प्रत्यक्ष जगत होते त्याच सुमारास मराठी कादंबरी जन्माला येत होती. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे; पण वाचकांस वेड लावले ते लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' या १८६१ च्या कादंबरीने. पाठोपाठ १८६६ साली त्यांचीच 'रत्नप्रभा' आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणण्यास प्रारंभ केला तोही याच काळात. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून अरण्ये विपुल आहेत. नायक वाट चुकतो, नायिकेला दुष्ट लोक पळवून नेतात, दरोडेखोर भेटतात, योगायोगाने सुटका होते आणि सुटका होते न होते तोच दुसरे संकट उभे राहते.

या पुस्तकांची पुढे फार थट्टा झाली. आम्हांस ती सगळी न्याय्य वाटत नाही. नव्याने वाचावयास शिकलेल्या समाजाला वाचनाची गोडी लावण्याचे काम त्यांनीच केले; हे काम व्याकरणाची पुस्तके करू शकली नसती. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या कठोर विद्वानाने १९०२ साली कादंबरीवर निबंध लिहिला तेव्हा त्यानेही अद्भुताला हद्दपार केले नाही. परंतु आमच्या कसोटीवर या कादंबऱ्या उणे ठरतात हे कबूल केले पाहिजे. त्यांतले अरण्य नाटकाच्या पडद्यावर रंगविलेले असते. त्यात झाडे आहेत, पण कोणत्या झाडाचे फळ खाता येते हे कोणालाच जाणून घ्यावयाचे नसते. नायक तीन दिवस उपाशी असतो आणि चौथ्या दिवशी तलवार चालवतो. संकटे येतात ती लेखकाच्या लहरीने आणि जातात तीही त्याच्याच लहरीने. मधल्या मध्ये माणसाला काही करावे लागत नाही.

रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड' या १८७१ च्या कादंबरीने पहिला फरक केला. गडकोटांच्या मुलुखात गोष्ट घडू लागल्याने कादंबरीच्या पायाखाली सह्याद्रीची जमीन आली. चढ आहे म्हणजे दम लागणार, आणि दरवाजा बंद आहे म्हणजे दुसरी वाट शोधावी लागणार, हे त्याबरोबर आलेच. हरिभाऊ आपट्यांनी ही जमीन आणखी कसली.

याच वाटेवर एक असा लेखक उभा आहे की ज्याचे चरित्रच एखाद्या साहसकथेसारखे आहे. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे आपले नाथमाधव, यांना शिकारीचा नाद होता. शिकारीच्या भ्रमंतीत ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि त्यांचा कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. अंथरुणाला खिळलेल्या या तरुणाने वाचावयास आरंभ केला आणि मग लिहावयास. 'वीरधवल', 'सावळ्या तांडेल', 'सोनेरी टोळी' आणि स्वराज्याच्या कादंबऱ्यांची माला, हे सर्व १९२८ साली मृत्यू येईपर्यंतच्या काळातले. ज्याला घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले त्याने महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना घोड्यावरून, गलबतावरून, भुयारांतून आणि कडेकपारींतून हिंडवले.

अशी पुस्तके म्हणजे जीवनापासून पळ काढणे, असे जे म्हणतात त्यांनी नाथमाधवांच्या अंथरुणापाशी क्षणभर उभे राहावे. पळून जावयास त्यांना पाय कोठे होते? कड्यावरून पडणे म्हणजे काय हे ज्याच्या हाडांनी अनुभवले, त्याने नायकाला कड्यावर चढवण्याचा आनंद सोडला नाही. वाचकालाही या पुस्तकांतून बहुधा हेच मिळते. आपले पाय जेथे पोहोचत नाहीत तेथे मनाने जावयाचे, आणि जीवावर बेतल्यास आपण काय करू, याची तालीम घरबसल्या करावयाची.

एक गव्हाचा दाणा

अशी तालीम शास्त्रशुद्ध रीतीने करवून घेणारी पुस्तके युरोपातून आली. डॅनियल डीफोचा 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ सालचा. तो एकोणिसाव्या शतकातच मराठीत उतरला. त्यानंतर ज्यूल व्हर्न. त्याच्या सर्व कथांमध्ये आमच्या विषयाला सर्वांत जवळची म्हणजे 'गूढ बेट' ही १८७४-७५ सालातील कादंबरी. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६५ साली रिचमंड शहरात अडकलेले पाच जण आणि एक कुत्रा फुग्यात बसून निसटतात आणि वादळाने एका निर्जन बेटावर फेकले जातात. जवळ काही नाही. विस्तव पेटवावयाचा तर काड्या नाहीत. तेव्हा त्यांच्यातील इंजिनियर दोन घड्याळांच्या काचा काढतो, त्यांच्यामध्ये पाणी भरतो, कडा मातीने बंद करतो आणि त्या भिंगाने सूर्याचे ऊन एकवटून वाळलेले शेवाळ पेटवतो.

पुढे त्यांच्यातील मुलाच्या अंगरख्याच्या अस्तरात गव्हाचा एक दाणा सापडतो. एकच. खलाशाला त्यात काही विशेष वाटत नाही. इंजिनियर त्याला हिशेब समजावून सांगतो. एका दाण्याला दहा ओंब्या, प्रत्येक ओंबीत ऐंशी दाणे, म्हणजे पहिल्या पिकाचे ८००. ते पेरले की दुसऱ्या पिकाचे ६,४०,०००. तिसऱ्याचे ५१ कोटी २० लाख. मग तो दाणा पेरला जातो आणि सगळी मंडळी त्याची राखण करतात.

हा हिशेब आमच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे ठेवला तर तो हसेल. म्हणेल, पाऊस कोण पाडणार? तांबेरा पडला तर? पाखरे? रानडुकरे? त्याचे हसणे रास्त आहे. परंतु तो दाणा जपून पेरला पाहिजे, खाऊन टाकता कामा नये, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, नालाबांध घालून, सुकडी आणि परदेशी मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीने बियाण्याची पिशवी उशाशी ठेवलेली आहे. घटना म्हणून पाहिले तर एका दाण्याच्या पेरणीत काय आहे? काहीच नाही. निकड म्हणून पाहिले तर त्या पाच माणसांचे सारे भवितव्य त्यात आहे, आणि म्हणून वाचक त्या पानावर दरोडेखोरांच्या हल्ल्याइतकाच उत्कंठित होतो.

या कादंबरीचा आमच्याशी आणखी एक दुवा आहे. या बेटावरच्या माणसांना गुप्तपणे साह्य करणारा जो कॅप्टन नेमो, तो व्हर्नने बुंदेलखंडातील एक राजपुत्र म्हणून दाखवला आहे; १८५७ च्या उठावात लढून, सर्वस्व गमावून तो समुद्राखाली राहावयास गेला आहे. गोडसे भटजींची झाशी आणि काल्पी बुंदेलखंडातलीच. एकच रणकंदन, त्यातून वरसईचा भिक्षुक गंगेची कावड घेऊन जिवंत परत आला आणि फ्रेंच लेखकाने त्यातूनच आपला दर्यावर्दी नायक घडवला.

व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवतांचे. १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढणाऱ्या या लेखकाने व्हर्नच्या कथा मराठीत आणल्याच, शिवाय फुरसुंगीचा बनेश फेणे उभा केला. हा फास्टर फेणे सडपातळ, सायकलवरून हिंडणारा साधा शाळकरी मुलगा आहे. त्याच्याजवळ डोळे आहेत, डोके आहे आणि न घाबरण्याची सवय आहे. परक्या बेटावरचे शहाणपण त्याच्या रूपाने आपल्या गावच्या मुलात आले.

मोगलाईतील वाचक

आतापर्यंतचा इतिहास बहुतांशी पुण्यामुंबईच्या छापखान्यांचा झाला. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. गश्ती निशाण ५३ म्हणून प्रसिद्ध असलेल्या हुकुमाने सभा-व्याख्यानांस पूर्वपरवानगीची अट होती. आज आपण ज्या मोकळेपणाने असे उत्सव भरवतो तो त्या काळी गुन्हा ठरला असता. ज्या अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी दरीत शांतपणे उभी आहे, जेथे दासोपंतांनी पासोडीवर ग्रंथ लिहिला, तेथे मराठी शाळा चालवणे हीच विसाव्या शतकात चळवळ होऊन बसली. योगेश्वरी नूतन विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले, ते याच चळवळीचे अंग होते.

अशा प्रदेशात मराठी पुस्तक हाती येणे हीच दुर्मिळ गोष्ट. ज्याला उर्दू येत होते त्याला दास्तानांचे तिलिस्मी दालन उघडे होते, आणि १९५२ पासून अलाहाबादेहून निघू लागलेल्या इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया'चेही. मराठी वाचकाला स्वातंत्र्यानंतर सैल हाताने पुस्तके मिळू लागली तेव्हा त्यांत बाबूराव अर्नाळकर अग्रभागी होते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या गृहस्थांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय महाराष्ट्रभर पोहोचले. त्यांचा नायक शहरातला; त्याचे जंगल म्हणजे अंधाऱ्या गल्ल्या. पण छोटी वाक्ये, छोटी प्रकरणे आणि दर प्रकरणाच्या शेवटी नवा पेच, ही धावती मराठी त्यांनी घडवली. स्वस्त कागद आणि साधी मराठी यांच्या बळावर ज्याने वाचणाऱ्यांची संख्या वाढवली, त्याला वाङ्मयाच्या इतिहासात तळटिपेत ढकलणे आम्हांस कृतघ्नपणाचे वाटते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. त्याच्या आधारे खेडोपाडी जी वाचनालये निघाली, त्यांची कपाटे गंभीर ग्रंथांनी शोभली हे खरे, पण उंबरठे झिजले ते बहुतेक ठिकाणी या पुस्तकांपायी.

पाऊलखुणा

रहस्यकथेने वेग दिला, पण रानाचे ज्ञान द्यावयास दुसरे लोक यावे लागले. जिम कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तक १९४४ सालचे. पुढे कॉर्बेट मराठीतही आले. ४३६ माणसांच्या मृत्यूचा आळ जिच्यावर होता ती चंपावतची वाघीण त्यांनी १९०७ साली मारली. १२५ बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली. या कथांत बंदूक फार थोडा वेळ वाजते. उरलेला सगळा काळ कॉर्बेट मातीवरचा ठसा पाहतात, वानराची हाक ऐकतात, वारा कोणीकडून येतो ते अजमावतात. वाघ नरभक्षक का झाला हे शोधावयाचे तर त्याची जुनी जखम, मोडलेला दात पाहावा लागतो, हे त्यांनी शिकवले. श्वापद दुष्ट नसते. तेही निकडीत सापडलेले असते.

व्यंकटेश माडगूळकरांनी हे शहाणपण मराठीच्या मातीत रुजवले. 'बनगरवाडी' १९५५ सालची. तीत माणदेशातला दुष्काळ शेवटी अख्खे गाव उठवतो. १९८२ सालच्या 'सत्तांतर'मध्ये तर माणूस जवळजवळ नाहीच. नागझिऱ्याच्या वानरांच्या टोळ्यांतील झुंज आहे, आणि तरीही वाचक ते लहानसे पुस्तक खाली ठेवू शकत नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातील दीर्घ नोकरीत जमवलेले झाडापाखरांचे ज्ञान मराठीला दिले. या लेखकांनी अरण्याचा रंगवलेला पडदा फाडला आणि मागे खरे झाड उभे आहे हे दाखवले.

बीडचे रान

येथपर्यंत आल्यावर प्रश्न असा की ही सगळी कथा या जिल्ह्यातील वाचकाने कशी वाचावी? त्याच्या घराभोवती व्हर्नचे बेट नाही, कॉर्बेटचा हिमालय नाही. पण निकड आहे. १९७२ नंतरही दुष्काळ आले आणि टँकरची वाट पाहणारी गावे पुन्हा दिसली. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. ऐन वेचणीच्या दिवसांत रानात जावयास लोक धजेनात. शेवटी डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात तो गोळी घालून मारण्यात आला. त्या दिवसांत ज्याने अंधार पडण्यापूर्वी मुलांना घरात घेतले, त्याला थरार म्हणजे काय हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

आणि दरवर्षीची गोष्ट निराळीच. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. पाचटाची कोप हे घर. पहाटेच्या थंडीत फडात शिरावयाचे. उसाच्या दाटीला मादी बिबट्या आपले रान समजते आणि तेथेच विते. तोडणी करताना सरीत पिल्ले सापडतात. अशा वेळी पिल्लांना हात न लावता मागे सरावयाचे, वनखात्यास कळवावयाचे, आणि पिल्ले होती तेथेच ठेवून रात्री आईने ती न्यावी याची वाट पाहावयाची, ही रीत आहे. चूक झाली तर चवताळलेली मादी जवळच असते. पाणी, विस्तव, अन्न, दिशा, आणि मागे लागलेले श्वापद! साहसकथेचा संपूर्ण सांगाडा येथे उभा आहे. भर एवढीच की येथे मागे लागलेल्यांत उचलीचे कर्जही आहे, आणि सुटका करणारा कोणी नेमो समुद्राखालून येत नाही.

आम्ही कोणाच्या कष्टाची करमणूक करू पाहत नाही. आमचे म्हणणे उलट आहे. ज्या कोपीतला मुलगा हंगाम संपल्यावर गावच्या वाचनालयातून एखादी वेगवान साहसकथा नेतो, तो तीत जीवनापासून पळ शोधत असेल असे आम्हांस वाटत नाही. त्याला तीत आपल्या ओळखीची निकड दिसते, आणि एक गोष्ट जास्तीची मिळते: जी माणसे डोके शांत ठेवतात, पाऊलखूण वाचतात, दाणा जपतात आणि सोबत्याला सोडत नाहीत, ती बहुधा परत येतात. एवढा धीर देणाऱ्या पुस्तकाला ग्रंथपालाने खालच्या फळीवर लपवू नये आणि बापाने आठी घालू नये. पुस्तक खोटे असेल, त्यातले रान पडद्यावरचे असेल, तर तो मुलगाच ते टाकून देईल. त्याच्याइतका कडक परीक्षक पुण्यामुंबईत मिळणार नाही.

मराठीत वेग आला तो एका वाटेने आणि रानाचे ज्ञान आले ते दुसऱ्या वाटेने. अर्नाळकरांची धाव आणि माडगूळकरांची नजर एकाच पुस्तकात नांदलेली आम्हांस क्वचितच दिसते. गोडसे भटजींच्या हकिकतीत ती नांदली, कारण ती जगलेली होती. असे पुस्तक पुन्हा लिहिले जावयाचे तर ते कोणत्या तरी परक्या हिमप्रदेशात नायकाला नेऊन लिहिले जाईल, की बालाघाटाच्या उतारावर, उसाच्या फडात, कोरड्या विहिरीच्या काठावर? आम्हांस दुसरे संभवनीय वाटते. ते लिहिणारा किंवा लिहिणारी आज कदाचित एखाद्या आश्रमशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात असेल. त्या मुलांच्या हाती भरपूर पुस्तके पडतील, आणि त्यांत अशीही पडतील की जी त्यांना रात्री झोपू देणार नाहीत, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. उन्हाळ्याची सुटी लागली आहे. हंगामाला गेलेली कुटुंबे गावी परतत आहेत. वाचनालयांनी कपाटे उघडण्यास याहून योग्य वेळ कोणती?